फर्मवेअर बदलल्यानंतर राउटरने दिलेला त्रास : घरच्या नोंदी, एप्रिल २०२५

५ एप्रिल २०२५, शनिवार, रात्री ११

जुळे सोलापुरातील आमच्या घरी फायबरची जोडणी आहे. केबलचालकाने बसवलेला ओएनटीचा डबा, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचे नेटवर्कच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र, दिवाणखान्यात आहे आणि तो फक्त ब्रिज म्हणून, म्हणजे आलेले तसेच पुढे पाठवण्याचे, काम करतो. त्यातून निघालेली नेटवर्क केबल जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच्या आमच्या स्वतःच्या राउटरमध्ये जाते, आणि पीपीपीओईचे लॉगिन, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन केबलचालकाच्या जाळ्यात शिरणे, हा राउटरच करतो. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या काही चादर आणि टॉवेल उत्पादकांचे हिशेब मी घरून पाहते. त्यामुळे महिन्याच्या ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत, ही जोडणी बंद पडून चालत नाही.

राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत बसवलेली मूळ प्रणाली, बरेच दिवस जुनेच होते. नव्या आवृत्तीत सुरक्षेच्या काही त्रुटी दूर केल्याचे उत्पादकाने कळवले होते. ११ तारखेच्या गर्दीआधी पाच दिवस हातात असल्यामुळे आज रात्री हे काम उरकण्याचे ठरवले. सुरुवातीला राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरील हार्डवेअर आवृत्ती पाहिली आणि त्याच आवृत्तीची फाइल उतरवून घेतली, कारण नाव एक आणि आतला संच वेगळा असे या उपकरणांत सर्रास असते. सध्याच्या मांडणीची प्रत संगणकावर जतन केली आणि शिवाय प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र काढले. जुन्या आवृत्तीत जतन केलेली प्रत नवी आवृत्ती स्वीकारेलच असे नसते, म्हणून छायाचित्रांचा आधार मला अधिक खात्रीचा वाटतो.

वायफायवरून नव्हे, तर लॅपटॉप केबलने जोडून फाइल चढवली. राउटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि १०:४० ला नेट चालू झाले. फाइलसोबत आलेल्या बदलांच्या यादीत चार ओळी होत्या. त्यातल्या तिसऱ्या ओळीत ‘सुरक्षित डीएनएस’ ही सोय आल्याचे लिहिले होते (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी सेवा). ती वाचली आणि पुढे गेले.

६ एप्रिल, रविवार

सकाळीच दोन तक्रारी पुढे आल्या.

प्रिंटर वायफायला जोडला जाईना. नव्या आवृत्तीने वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र ठेवला होता, आणि आमच्या जुन्या प्रिंटरला ते मानवत नव्हते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही सांकेतिक पद्धत एवढेच ठेवले, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मिश्र राहू दिला, आणि प्रिंटर लागलीच जोडला गेला. ही तक्रार येथे संपली.

दुसरी तक्रार चमत्कारिक होती. शोधयंत्र उघडत होते, संदेश जात-येत होते, पण बँकेच्या पानावर लॉगिन केले की गोल फिरत राहायचे, आणि ईमेलला जोडलेली हिशेबाची फाइल अर्ध्यावर अडकायची. वेग मोजला तर पूर्ण. लहानसहान गोष्टी सुरळीत चालतात आणि मोठ्या अडकतात, असे चित्र दिसले की संशय एमटीयूवर घ्यावा. एमटीयू म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतील ती मर्यादा. इथरनेटवर ती १५०० असते. पीपीपीओईचे स्वतःचे वेष्टन ८ बाइटांचे असते, म्हणून आपल्या वाट्याला १४९२ उरतात.

विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंगला, म्हणजे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहणाऱ्या आज्ञेला, ‘तुकडे करू नयेत’ अशी अट घालून वेगवेगळ्या मापांची पाकिटे पाठवली. १४७२ बाइटांचे पाकीट पाठवले तर नुसते ‘वेळ संपली’ असे उत्तर आले, आणि १४६४ चे पाठवले तर चारही उत्तरे नीट परत आली. १४६४ मध्ये पाकिटावरच्या आयपी या वेष्टनाचे २० आणि पिंग वापरते त्या आयसीएमपीच्या वेष्टनाचे ८ बाइट मिळवले की बरोबर १४९२ होतात. आता कालचे छायाचित्र उघडले, तर जुन्या मांडणीत एमटीयूच्या चौकटीत १४९२ होते, आणि नव्या पानावर त्याच चौकटीत १५००. राउटर आपल्या समजुतीने १५०० चे पाकीट पुढे ढकलत होता, पुढची वाट ते मुकाट्याने टाकून देत होती, आणि पाकीट टाकल्याची वर्दी कोणीच परत देत नव्हते.

चौकटीत पुन्हा १४९२ भरले. त्यानंतर तेच १४७२ चे पाकीट पाठवले, तेव्हा ‘तुकडे करणे आवश्यक आहे, पण मनाई आहे’ असे स्पष्ट उत्तर राउटरकडून आले. वरवर पाहता दोन्ही वेळा चाचणी फसलीच, पण पहिल्यांदा पाकीट वाटेत हरवले होते आणि दुसऱ्यांदा राउटरने ते दारातच अडवून कारण सांगितले. हे दुसरे वागणे योग्य आहे. बँकेचे पान उघडले आणि फाइलही गेली.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी ७:३० ला लेकीचा ऑनलाइन तास सुरू होईना. तिच्या फोनवर वायफायच्या खुणेशेजारी ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ असे दिसत होते. ओएनटीवरचा पॉनचा दिवा स्थिर हिरवा होता आणि लॉसचा लाल दिवा विझलेला होता, म्हणजे फायबरची जोडणी ठीक होती. राउटरच्या पानावर पीपीपीओई जोडलेले होते आणि बाहेरचा पत्ताही मिळालेला होता.

लॅपटॉपवरून ८.८.८.८ या गूगलच्या अंकी पत्त्याला पिंग केले, तर उत्तरे व्यवस्थित आली. मात्र कोणत्याही संकेतस्थळाचे नाव विचारले की अपयश. म्हणजे रस्ता मोकळा होता, पण पत्ता सांगणारा गप्प बसला होता. लॅपटॉपमध्ये डीएनएसचा पत्ता हाताने घातला, तर त्या एका लॅपटॉपवर सगळे सुरळीत झाले. तेव्हा दोष राउटरच्याच डीएनएसमध्ये, इतके निश्चित झाले.

राउटरच्या डीएनएसच्या पानावर ‘सुरक्षित डीएनएस’ ही नवी चौकट दिसली. तीत मी न केलेली बरोबरची खूण होती, म्हणजे आवृत्तीनेच ती चालू करून दिली होती. खूण काढून जतन केले आणि घरभर नेट सुरू झाले. खात्रीसाठी खूण परत केली, आणि माझ्या अपेक्षेविरुद्ध नेट तरीही चालूच राहिले. हीच सोय दोषी असेल तर ती परत चालू केल्यावर दोषही परत यायला हवा होता. तो आला नाही. कारण न कळता गेलेला दोष गेला असे मी मानत नाही, म्हणून ही नोंद उघडी ठेवते.

११ एप्रिल, शुक्रवार

सर्व जीएसटीआर-१ विवरणपत्रे वेळेत गेली. नेटची तक्रार नाही.

१३ एप्रिल, रविवार

पुन्हा तेच, सकाळी सातच्या सुमारास. पिंग चालते, नावे उलगडत नाहीत.

आज केबलचालकाकडचा तंत्रज्ञ बोलावला होता. त्याने मीटर लावून प्रकाशाची पातळी मोजली, ती उणे २१ डीबीएम (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) भरली. आमच्या प्रकारच्या जोडणीत त्याहून क्षीण, उणे २७ पर्यंतचा प्रकाशही ओएनटी निभावून नेतो, त्यामुळे तारेत काही खोट नाही, हे त्याचे म्हणणे मला पटले. “ताई, लाइन एकदम क्लिअर आहे, एकदा बंद-चालू करून बघू,” असे म्हणून त्याने राउटरची पिन काढून अर्ध्या मिनिटाने परत लावली. राउटर सुरू झाला, पीपीपीओई जोडले गेले, आणि नावे काही उलगडली नाहीत. बंद-चालू करून जो दोष जात नाही, तो तात्पुरत्या गोंधळातला नसतो, हे आजचे मोलाचे निरीक्षण आहे. तो गेल्यावर मी खूण काढली, जतन केले, परत लावली, जतन केले, आणि गेल्या खेपेप्रमाणेच सगळे सुरू झाले.

पुण्याच्या धाकट्या भावाला फोनवर हे सांगितले. तो म्हणाला, “ताई, जुनं फर्मवेअर टाकून दे ना परत, एवढी कटकट कशाला?” मला ते मान्य नाही. ज्या त्रुटी बुजवण्यासाठी हा खटाटोप केला त्या परत उघड्या पडतील, आणि दोष नेमका कशात आहे ते शेवटपर्यंत कळणार नाही. सुरक्षित डीएनएस कायमचे बंद करून टाकणे हाही सोपा मार्ग होता, पण इतरांच्या पैशांचे व्यवहार या जोडणीवरून होतात, तेव्हा आपण कोणत्या संकेतस्थळांची विचारणा करतो ती वाटेत कोणाला वाचता येऊ नये, ही सोय मला हवी आहे. म्हणून खूण मुद्दाम तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी काहीही बदलण्याआधी राउटर स्वतः ठेवतो ती घडामोडींची नोंदवही (लॉग) वाचायची, असे ठरवले.

१८ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला महत्त्वाचा ठरला, म्हणून सविस्तर लिहिते.

७:४० ला नेट नाही असे कळले. कशालाही हात न लावता फोनवरच राउटरचे पान उघडून नोंदवही पाहिली. फोनच्या अरुंद पडद्यावर डावीकडचा रकाना कापला जात होता, पण वेळ स्पष्ट दिसत होती. पहिली ओळ ०५:३०:१४ ची, राउटर सुरू झाल्याची. पुढची ०५:३०:५२ ची, पीपीपीओई जोडले गेल्याची. त्यानंतर सुरक्षित डीएनएसचे प्रमाणपत्र, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याचा दाखला, नाकारल्याच्या ओळी एकाखाली एक, पानभर.

म्हणजे पहाटे साडेपाचला राउटर बंद होऊन सुरू झाला, असा अर्थ मी काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारले, “आई, साडेपाचला वीज गेली होती का?”

“वीज कुठली जातेय? पाणी आलं म्हणून सव्वापाचच्या आधीच मी मोटर लावली. साडेपाचला तर वरची टाकी भरत आली होती.”

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट केले. आमच्या भागात सध्या पाचव्या दिवशी नळाला पाणी येते, आणि पाणी आलेल्या तारखेभोवती त्या निळ्या पेनाने गोल करतात. एप्रिलच्या पानावर ३, ८, १३ आणि १८ या तारखांना गोल होते. ३ तारीख फर्मवेअर बदलण्याआधीची. उरलेल्या तिन्ही तारखा माझ्या नोंदींतल्या होत्या, एकही कमी-जास्त नाही.

मोटर कशी लावतात ते जाऊन पाहिले. जिन्यातल्या एक्स्टेंशन बोर्डावर राउटरचा अडॅप्टर आहे आणि मोटरची पिनही तेथेच लागते. संपूर्ण बोर्डाला बटण एकच. ओल्या हाताने चालू बोर्डात पिन घालायची नाही, ही सासूबाईंची कायमची शिस्त. म्हणून त्या आधी बटण बंद करतात, पिन घालतात, मग बटण चालू करतात. तेवढ्यात राउटर बंद होऊन सुरू होतो. ओएनटी दिवाणखान्यात वेगळ्या जागी असल्यामुळे त्याचे दिवे जसेच्या तसे राहतात. हे काही आजचे नाही, वर्षानुवर्षे दर पाण्याच्या दिवशी असेच होत आले आहे. पूर्वी दोन मिनिटांत नेट परत येत असे आणि पहाटेच्या त्या वेळी ते कोणाच्या लक्षातही येत नसे.

पण मग साडेपाच ही वेळ कोठून आली? सासूबाई म्हणतात सव्वापाचच्या आधी, आणि पाण्याच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकत नाही. लॅपटॉपवर नोंदवही पुन्हा उघडली. सर्वांत खालची, नुकतीच पडलेली ओळ ०८:१२ ची होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात आठला सहा मिनिटे कमी होती. राउटरचे घड्याळ अठरा मिनिटे पुढे होते. तेव्हा डावीकडच्या रकान्याकडे नजर गेली. तेथे तारीख होती : १ जानेवारी १९७०.

यानंतर सगळे कोडे उलगडत गेले. संगणकाच्या आत घड्याळ बंद पडू नये म्हणून एक लहानशी बॅटरी असते, घरगुती राउटरमध्ये बहुधा ती नसते. वीज तोडली की राउटर काळ विसरतो आणि सुरू झाल्यावर या यंत्रांच्या कालगणनेच्या आरंभापासून, म्हणजे ग्रीनिचच्या १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, मोजायला लागतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आमच्याकडे ती पहिली ओळ नेहमी साडेपाचचीच असणार, बटण पहाटे बंद केलेले असो की दुपारी. ही वेळ नळाच्या वेळेच्या इतकी जवळ पडली नसती, तर मी फसले नसते.

खरी वेळ राउटर एनटीपीच्या, म्हणजे नेटवरून वेळ सांगणाऱ्या, सर्व्हरला विचारून घेतो. त्या सर्व्हरचा पत्ता मांडणीत नावाने लिहिलेला असतो, आणि नाव उलगडायला डीएनएस लागते. जुन्या आवृत्तीत डीएनएस साधे होते, ते कोणतेही प्रमाणपत्र तपासत नसे, म्हणून १९७० सालीही नाव उलगडत असे आणि घड्याळ काही क्षणांत ताळ्यावर येई. नव्या आवृत्तीतले सुरक्षित डीएनएस टीएलएसच्या सांकेतिक वेष्टनातून, ८५३ क्रमांकाच्या पोर्टावरून जाते, आणि तेथे समोरच्याचे प्रमाणपत्र आजच्या तारखेला वैध आहे का हे पाहिले जाते. राउटरच्या लेखी आजची तारीख १९७० ची, प्रमाणपत्र अलीकडचे, म्हणजे अजून लागूच न झालेले. म्हणून नकार. वेळ कळायला नाव हवे, नाव कळायला वेळ हवी, आणि दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले.

८ तारखेला खूण काढल्यावर काय झाले तेही आता कळले. खूण काढताच साधे डीएनएस चालू झाले, त्या अवधीत घड्याळ बरोबर लागले, आणि खूण परत केली तेव्हा प्रमाणपत्र नाकारण्याचे कारणच उरले नव्हते. ५ तारखेला मात्र राउटर आपणहून नीट बंद झाला होता. तसे होताना हा राउटर वेळ जपून ठेवत असावा, असे आत्ता वाटते. उद्या तपासेन.

१९ एप्रिल, शनिवार

अनुमान बरोबर आहे का ते दोष मुद्दाम घडवून पाहिले. घरातल्यांना अर्ध्या तासाची कल्पना दिली.

दुपारी ३:०५ ला बोर्डाचे बटण बंद करून चालू केले. नोंदवहीची पहिली ओळ १ जानेवारी १९७०, ०५:३०:१४. नावे उलगडत नाहीत. आता डीएनएसच्या पानाला हात न लावता, वेळेच्या पानावर जाऊन ‘संगणकाची वेळ घ्या’ हे एवढेच बटण दाबले. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवले होते. दहा सेकंदांच्या आत नावे उलगडू लागली. दुसरा कोणताही बदल केलेला नव्हता, त्यामुळे कारणाबद्दल आता शंका उरली नाही. त्यानंतर राउटर त्याच्या पानावरूनच पुन्हा सुरू केला. तेव्हा पहिली ओळ २०२५ चीच आली आणि नेट बिनतक्रार चालले. कालची अटकळ खरी ठरली.

उपाय साधा आहे. एनटीपीच्या चौकटीत सर्व्हरचे नाव न लिहिता थेट अंकी पत्ता लिहिला, म्हणजे वेळ विचारण्यासाठी डीएनएसची गरजच राहत नाही. गूगलच्या सार्वजनिक वेळ-सर्व्हरचे २१६.२३९.३५.० आणि २१६.२३९.३५.४ हे दोन पत्ते घातले. दोन्ही एकाच पुरवठादाराचे घेतले, कारण गूगलचे सर्व्हर लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी घड्याळात घातला जाणारा जादा सेकंद, एकदम न देता दिवसभरात पसरवून देतात, आणि तसे न करणाऱ्या सर्व्हरबरोबर त्यांची सरमिसळ करू नये असे ते स्वतःच सांगतात. २०१६ च्या अखेरीनंतर लीप सेकंद आलेला नाही, त्यामुळे आज फरक पडत नाही, पण मांडणी करतानाच ती नीट असलेली बरी. अंकी पत्ते कधी बदलू शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी ते तपासायचे असे दिनदर्शिकेत ऑक्टोबरच्या पानावर लिहून ठेवले.

बटण पुन्हा बंद-चालू केले. १९७० च्या सात ओळी, आणि आठवी ओळ १९ एप्रिल २०२५ ची. नेट दोन मिनिटांत परत.

लहान यूपीएसही घ्यायचा आहे, पण तो आत्ताच लावला तर राउटर बंदच होणार नाही आणि आजच्या उपायाची परीक्षा राहून जाईल. म्हणून पाण्याचा पुढचा दिवस होईपर्यंत थांबते.

२० एप्रिल, रविवार

सगळी ३बी विवरणपत्रे संध्याकाळी सहापर्यंत गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

नवी पेठेतून राउटरसाठीचा लहान यूपीएस आणला. घेताना आमचा अडॅप्टर सोबत नेला होता. त्यावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असे लिहिले आहे आणि पिनच्या मधल्या टोकाला धन असल्याची खूण आहे. दुकानदाराने आधी ९ व्होल्टचा पुढे केला होता, लेबल दाखवल्यावर १२ चा काढून दिला. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि धन-ऋण उलटे नको, एवढे तीन मुद्दे घेतानाच पाहावेत. अजून लावलेला नाही.

२३ एप्रिल, बुधवार

पाणी आले. सासूबाईंना काहीच बदलायला सांगितले नव्हते. त्यांनी ५:०८ ला नेहमीप्रमाणे बटण बंद केले, मोटरची पिन घातली, बटण चालू केले. मी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसले होते. राउटरचे दिवे विझले, एकेक करत लागले. नोंदवहीत ०५:३०:१४, १ जानेवारी १९७०. ०५:३०:५१ ला पीपीपीओई जोडले गेले. प्रमाणपत्र नाकारल्याच्या दोन ओळी. आणि त्यांच्याखाली : वेळ जुळवली, २३ एप्रिल २०२५, ०५:०९:४७.

“लागलं का गं तुझं?” सासूबाईंनी वरच्या पायरीवरून विचारले. लागले होते. त्या टाकीकडे पाहायला गच्चीवर गेल्या.

दुपारी यूपीएस लावला आणि राउटरची वीज त्याच्यातून घेतली. बटण बंद करून पाहिले, राउटर चालूच राहिला. नव्या मांडणीची प्रत जतन केली, पानांची छायाचित्रे काढली, आणि एमटीयू, प्रिंटरचा पट्टा आणि वेळेचे दोन पत्ते एका कागदावर लिहून तो राउटरच्या तळाला, हार्डवेअर आवृत्तीच्या लेबलशेजारी चिकटवला. काम पूर्ण.